फौजीच्या घरची बिसी

आमच्या घरात ‘सिव्हिल’ ही शिवी आहे. ऐकायला सभ्य, कुणाकडे तक्रार करता येणार नाही अशी. माझे यजमान फौजेतून हवालदार म्हणून रिटायर होऊन घरी आले आणि त्यांच्या ट्रंकेबरोबर हा शब्दही घरात शिरला. चहा पांचट झाला की ‘सिव्हिल चहा’. रिक्षावाल्याने सांगितलेल्या जागेच्या थोडी पुढे रिक्षा थांबवली की ‘शेवटी सिव्हिलच’. शेजारच्यांनी जिन्यात सायकल आडवी लावली, लग्नाची वरात ठरल्या वेळेला निघाली नाही, मी चप्पल दारात उलटी काढली, सगळं सिव्हिल. आवाज चढवत नाहीत, नुसती मान हलवतात. शिवी देणारा माणूस निदान तुमच्यावर चिडलेला तरी असतो. हे चिडतही नाहीत. वाया गेलेल्या पोराकडे बघावं तसं भिवंडीतल्या आमच्या सगळ्या नारपोलीकडे बघतात, आणि त्या नारपोलीत मीही आले.

आधीच सांगते, मी फौजेला नावं ठेवायला बसलेली नाही. लग्नानंतर काही काळ मी ह्यांच्याबरोबर फॅमिली क्वार्टरमध्ये राहून आले आहे. झाडलेले रस्ते, झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना, नळाला पाणी, वेळेवर लागणारे दिवे. भिवंडीतून गेलेल्या बाईला ते बघून रडू यावं, आणि मला आलंही होतं. तिथे आमचं आडनाव ऐकून कुणी पुढचा प्रश्न विचारला नाही. आम्ही बौद्ध. आमच्या भागात आडनाव सांगितलं की समोरचा गाव विचारतो, गाव सांगितलं की गावात घर कुठल्या बाजूला ते विचारतो, आणि मग चहाचा कप बदलतो. हे तर त्या प्रश्नांतच वाढलेले. फौजेत पहिल्या दिवशी लंगरच्या रांगेत उभे राहिले, ताट पुढे केलं, वाढणाऱ्याने वाढलं, पुढचा सरकला. लंगर म्हणजे जवानांचं जेवणघर. पुढे कोण, मागे कोण, कुणाला पत्ता नाही. “आपल्याला तिथं कुणी काय विचारलं नाही गं,” असं ते सुट्टीवर आले की सांगायचे, आणि सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की मी मध्ये बोलत नसे.

तर त्या रांगेवर ह्यांचा जीव. ते मला तेव्हाही समजत होतं आणि आजही समजतं. पण समजून घेण्यालाही काही मर्यादा असते की नाही? जन्मभर एकीनेच समजून घ्यायचं म्हटलं तर ती थकणार.

ह्यांची बदली सरहद्दीकडे झाली आणि मी नारपोलीला सासूबाईंकडे परत आले. घर आमचं खाली एक खोली, वर दोन. तिन्ही बाजूंनी लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे कारखाने. खटखट इतकी की आमच्या गल्लीत माणसं प्रेमाने बोलत असली तरी भांडल्यासारखी वाटतात. शेजारच्या कारखान्यातल्या दोघा विणकरांनी सासूबाईंकडे जेवणाची सोय होईल का विचारलं. दोघांचे चार झाले, चारांचे आणखी झाले, आणि खालच्या खोलीत बिसी उभी राहिली. लूमवाल्यांच्या खानावळीला आमच्याकडे बिसी म्हणतात. घरदार मागे ठेवून एकटे आलेले पुरुष. एकाच खोलीत दिवसपाळीवाले आणि रातपाळीवाले आळीपाळीने झोपतात, एक उठला की त्याच पथारीवर दुसरा पडतो. त्यांनी चूल कुठे मांडायची? सासूबाई गेल्या आणि बिसी माझी झाली. वरच्या खोल्यांत मी अमक्याची सून होते, तमक्याची बायको होते. खालच्या खोलीत मी भाभी होते, आणि तिथे माझा शब्द चालायचा.

बिसीचं घड्याळ भिंतीवर नसतं, विजेच्या तारेत असतं. विणकराला चालता लूम सोडून उठता येत नाही. एकेकाकडे तीन-तीन, चार-चार लूम. धागा तुटला आणि लक्ष नसलं तर कापड बिघडतं, आणि ते त्याच्याच माथी बसतं. मग बारा तासांच्या पाळीत माणसाने जेवायचं कधी? लाइट जाईल तेव्हा. लाइट गेली की सगळी गल्ली एकदम गप्प होते, कान वाजायला लागतात, आणि पाठोपाठ चपलांचे आवाज येतात. लाइट अकराला जावो नाही तर चारला, पंगत तेव्हा बसते. तोपर्यंत मी भात झाकून ठेवते, डाळ मंद आचेवर, आणि कणकेचे गोळे करून फडक्याखाली. लाइट आली की हातात अर्धी पोळी घेऊन उठतात आणि पळतात. ज्या दिवशी लाइट जातच नाही त्या दिवशी एकमेकांचे लूम सांभाळून आळीपाळीने येतात. कुणी म्हणेल हा काय गोंधळ. गोंधळ नव्हे, सगळं ठरलेलं होतं. फक्त ते कुठे लिहून लावलेलं नव्हतं.

त्यांच्यातला सर्वांत जुना विणकर उत्तरेकडचा. त्याला सगळे चाचा म्हणतात, मीही. डोक्यावर कायम कापसाचे तंतू, त्यामुळे त्याचे केस खरोखर कधी पांढरे झाले ते कुणाला कळलं नाही. सुरुवातीला एकदा नवीनच आलेला एक जण जेवायला बसला, भिंतीवर बुद्धाची तसबीर बघितली, बाजूच्याला काहीतरी विचारलं आणि ताटावरून उठला. मी पोळी हातात घेऊन तशीच उभी. चाचाने घास चावता चावताच त्याला विचारलं, “क्यों भई, भूख लगी है कि रिश्ता जोड़ना है?” सगळी पंगत हसली. तो पोरगा लाजला आणि परत बसला. पुढे तोच गावाहून येताना माझ्यासाठी सत्तू आणायचा.

आणि पोळ्या लाटायला माझ्याबरोबर डोंगरपाड्यावरची एक आदिवासी बाई होती. सकाळच्या जीपने यायची, अंधार पडायच्या आत जायची. मला बाय म्हणायची, मी तिला बाय म्हणायचे. आम्हा दोघींना नावं आहेत, पण वापरायची वेळ फारशी आली नाही.

ह्यांच्या परतण्याचा थाट मोठा झाला. गल्लीच्या तोंडाशी वर्दीतल्या फोटोचा फ्लेक्स लागला, ढोल आला, हार आले. लूमवाले पाळी सुटल्यावर दोन्ही बाजूंना उभे राहून टाळ्या वाजवत होते. चाचाने पुढे होऊन सलाम केला, ह्यांनीही केला. मला वाटलं, झालं, आता दोघांनी मिळून संसार करायचा. नव्याचे नऊ दिवस.

मग भिवंडीजवळच पूर्ण्याला गोदामांच्या गेटवर सिक्युरिटी सुपरवायझरची नोकरी लागली. तिथे आता गोदामांना अंत नाही, आणि प्रत्येक गेटवर एक रिटायर्ड फौजी उभा. ह्यांनी तिथेही फौजच उभी करायला घेतली. गाडी आली की कागद बघायचे, सील बघायचं, ड्रायव्हरला खाली उतरवायचं, मगच फाटक. नियमच तसा होता, पण गोदामवाल्यांना तो नियम भिंतीवर हवा होता, गेटवर नको होता. गाड्यांची रांग हायवेपर्यंत गेली. आतून एक तरुण मॅनेजर आला आणि सगळ्या ड्रायव्हरांसमोर म्हणाला, “अंकल, सोडा ना गाडी. ही काय बॉर्डर आहे का?” ह्यांनी फाटक उघडलं, काठी केबिनमध्ये ठेवली आणि घरी निघून आले. मला तो प्रसंग त्यांच्याकडून नाही, त्यांच्याबरोबरच्या गार्डकडून कळला. मला फार वाईट वाटलं. त्या अंकल म्हणणाऱ्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. हे मात्र एवढंच म्हणाले, “सिव्हिलमध्ये शब्दाला किंमत नाही.”

तेव्हापासून हे दिवसभर घरी. आणि घरी करायचं काय? बिसी होती ना समोर.

रविवारी ह्यांच्यासारखेच दोघे-तिघे रिटायर्ड वरच्या खोलीत जमतात. माणसं चांगली. माझ्याशी फार अदबीने वागतात, चहाचा कप स्वतः उचलून मोरीत ठेवतात, जे ह्या गल्लीतला एक पुरुष करत नाही. पण बसले की विषय एकच. बँकेतला कारकून कसा बोलला, सोसायटीवाल्यांनी कसं ताटकळत ठेवलं, सिव्हिलवाल्याच्या पाठीवर हात ठेवला की तो खांद्यावर कसा चढतो. ऐकता ऐकता मला कळेना की ह्यांना आमचा राग आहे की आम्ही ह्यांना ओळखत नाही ह्याचं दुःख आहे. एका रविवारी मी पोहे घेऊन वर गेले तर त्यांतला एक जण खिडकीतून खाली बघत होता. खाली पंगत उठून बाहेर पडत होती. तो ह्यांना म्हणाला, “ये सब कौन लोग हैं? वेरिफिकेशन-विरिफिकेशन कुछ किया है?” ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पोह्यांच्या बश्या मांडल्या.

रात्री जेवताना ह्यांनी विचारलंच. “ह्यातला कोण कुठला, तुला काही माहीत आहे?”

“कोण किती खातो ते माहीत आहे,” मी म्हटलं.

“मस्करी नाही. बाहेरची माणसं आहेत.”

“अहो, नारपोलीत आतलं कोण आहे? जो तो कुठून तरी आलेलाच.”

“तेच म्हणतोय मी,” हे म्हणाले, आणि ते खरंच तेच म्हणत होते, मी दुसरंच.

दुसऱ्या दिवशी बिसीच्या दाराच्या फळीवर खडूने वेळा आल्या. जेवण ह्या वेळेपासून ह्या वेळेपर्यंत. अक्षर सुंदर, माझ्यापेक्षा सुंदर. दाराबाहेर रांग. चपला एका ओळीत. प्रत्येकाने एकदा आधार कार्ड दाखवायचं. मी म्हटलं, लाइट तुमच्या वेळेला गेली नाही तर? तर म्हणाले, माणसाने सवय लावून घ्यावी लागते. आता माणूस सवय लावेल हो, पण वीज कंपनीला कोण लावणार? विणकर वाचून हसले आणि आपल्या वेळेला येत राहिले. हे वर असले की मी दार उघडायचे. असं घरातल्या घरात चोरून किती दिवस चालणार होतं?

पहिलं कार्ड ह्यांनी पोळ्या लाटणाऱ्या बाईकडे मागितलं. ती मला सांगायला आली तेव्हा तिला राग आला आहे की हसू, मला कळेना. “बाय, त्यो मांजकं कागद मांगतो,” ती म्हणाली. “मी कोन हाय ता इचारतो. हा डोंगर कोनाचा हाय ता त्याला म्हाईत न्हाय काय?” मी ह्यांना बोलले. हे म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा. आणि खरंच, त्यांच्या मनात सारखाच होता. तोच तर वांधा.

मग तो दिवस आला. राहनाळला माझ्या बहिणीचे सासरे वारले होते, त्यांचं पुण्यानुमोदन, म्हणजे आमच्यातला मृत्यूनंतरचा विधी होता. मला जाणं भाग होतं. पहाटे उठून डाळ, भात, बटाट्याची भाजी सगळं करून ठेवलं, बाईला सांगितलं, लाइट गेली की पोळ्या टाक. ह्यांना सांगितलं, आज मी नाही, जरा सांभाळून घ्या. “सांभाळतो,” असं म्हणाले. चांगल्या मनाने म्हणाले. ते मी नाकारणार नाही.

संध्याकाळी घरी आले तर बिसीचं दार सताड उघडं, आत कुणी नाही, आणि पातेली काठोकाठ. भाताला कुणी डाव लावलेला नव्हता. पोळ्यांचा ढीग फडक्याखाली तसाच. बाई शेवटच्या जीपची वेळ होत आली तरी माझ्यासाठी थांबली होती. तिनेच सांगितलं.

लाइट दुपारी गेली, ह्यांनी लिहिलेली वेळ टळून गेल्यावर. लूमवाले आले. बाईला वाटलं हे हाकलून देणार. पण ह्यांनी हाकललं नाही. मी सांभाळून घ्या म्हटलं होतं, म्हणून ह्यांनी त्यांच्या मते सूट दिली. वेळ झाली आहे, तरी जेवण मिळेल, फक्त नीट रांगेत या. गल्लीत उन्हात रांग लावली. हे दारात उभे राहिले. एकेकाला नाव, बापाचं नाव, गाव, कोणत्या कारखान्यात, किती वर्षं. विचारायचं आणि आत सोडायचं. रांगेतल्या दुसऱ्याच माणसाचं नाव ह्यांना खटकलं, त्याला पुन्हा नाव विचारलं. मग बापाचं. मग गाव. मग परत नाव. तो पोरगा माझ्याकडे तीन वर्षं जेवतो. त्याला वांगं चालत नाही, एवढी त्याची कुंडली मला पाठ आहे. ते विचारणं चाललेलं असतानाच लाइट आली.

“लूम चालू झालं नि ते पलाले, बाय,” बाई सांगत होती. “पयला आत बसला व्हता, तो पन ताटावरशी उठला. उपाशी पलाले सगले. नि हे मांगून वरडतात, लाइन मत तोडो, लाइन मत तोडो.”

“मग हे काय म्हणाले?”

“माना बोलले, सिव्हिल लोकांना लायनीत उभं ऱ्हाता येत न्हाय.”

मी पदर खोचला आणि भाताचं पातेलं बाहेर काढलं. बाईला पाड्यावर न्यायला डबे भरून दिले. शेजारी दिलं. तरी उरलं. ते टाकावं लागलं. माझ्या बिसीत इतक्या वर्षांत एक घास वाया गेला नव्हता. वर हे रेडिओ ऐकत बसले होते.

रात्री कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी लाइट गेली, गल्ली गप्प झाली, मी तवा ठेवला, चपला वाजल्या आणि आमच्या दारावरून पुढे गेल्या. तिसऱ्या दिवशी मी त्या चपलांच्या मागे गेले. दोन गल्ल्या सोडून एका विधवा बाईची बिसी आहे, तिथे बसले होते सगळे. दाटीवाटीने, एकमेकांचे गुडघे लागत. चाचा ताट बाजूला ठेवून उठला, बाहेर आला.

“चाचा, माझी चूक काय?” मी विचारलं. मराठीतच. त्याला कळते.

“आपकी कोई गलती नहीं, भाभी.” तो हात पुसत होता, बराच वेळ पुसत राहिला. “लॉकडाउन में ऐसे ही खड़ा किया था हमको. धूप में, लाइन में. नाम बोलो, बाप का नाम बोलो, गाँव बोलो. पूरा दिन खड़े रहे, और शाम को बोले, खाना खतम.” मग म्हणाला, “बीस साल में आपके घर में पहली बार लगा कि हम बाहर के हैं.”

मी त्याला जेवण पुरं करायला सांगितलं आणि परत आले. रस्त्यात मला रडू आलं, आणि लूमच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही.

घरी येऊन ह्यांच्यासमोर बसले. सगळं सांगितलं. ह्यांना मनापासून आश्चर्य वाटलं, ते नाटक नव्हतं.

“मी काय मारलं त्यांना? शिव्या दिल्या? रांगेत उभं केलं. मी अख्खी नोकरी रांगेत उभा राहिलो. माझी इज्जत गेली?”

“अहो, तुमच्या रांगेत तुम्हाला कुणी बापाचं नाव विचारत होतं?”

ह्यांनी बसल्या जागी पाठ ताठ केली.

“तुम्हीच सांगायचात ना? ताट पुढे केलं की वाढतात. कुणी काय विचारत नाही. तुम्ही माझ्या दारात उभं राहून तेच विचारलंत जे आपल्याला गावात विचारायचे.”

ह्यांचा चेहरा उतरला. मला दिसलं, वर्मी लागलं होतं. मला वाटलं, आता हा माणूस बोलेल, आत्तापर्यंत जे कधीच बोलला नाही ते बोलेल. आणि हे म्हणाले, “ती फौज होती. हे सिव्हिल आहे. इथं विचारावं लागतं.”

“मग मीही सिव्हिलच.”

“तू वेगळी.”

“मी कशी वेगळी? तुम्ही तिकडे होतात तेव्हा तुमच्या आईला दवाखान्यात ह्या लोकांनी नेलं. हातगाडीवर घालून नेलं, लूम बंद ठेवून. तेव्हा त्यांची नावं मला माहीत नव्हती.”

“आम्ही तिकडे उभे होतो म्हणून तुम्ही इथं झोपत होतात,” हे म्हणाले. हे वाक्य त्यांचं नेहमीचं. पण ह्या वेळी आवाजात जोर नव्हता, पाठ केलेलं म्हणतो तसं म्हणाले.

“मी झोपत नव्हते हो,” मी म्हटलं. “मी कणीक मळत होते.”

सकाळी उठून बघते तर ह्यांनी दारावरचा खडू ओल्या फडक्याने पुसून टाकला होता. फळी कोरडीही केली होती, पाण्याचे ओघळ राहू नयेत म्हणून. माफी मागणं ह्यांना शिकवलेलं नाही, त्यामुळे एवढ्यातच मी समजून घ्यायचं होतं. समजून घेतलं. पण लूमवाल्यांना फळी वाचून दाखवायला कोण जाणार? आणि पुसलेल्या फळीवर वाचण्यासारखं असतं तरी काय?

आणखी काही दिवस मी स्वयंपाक करत राहिले. लाइट गेली की तवा ठेवायचा, चपला पुढे गेल्या की उतरवायचा. हे खुर्ची घेऊन दाराबाहेर बसायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघून मान डोलवायचे, एखाद्याला “आओ, आओ” असंही म्हणाले. तो बिचारा घाबरून समोरच्या बाजूने गेला. ह्यांना बोलवताही येत नाही, हुकूमच सुटतो. त्या दिवशी मला ह्यांची दया आली आणि दया आल्याचा रागही आला.

बाई एका सकाळी आली आणि उंबऱ्यावरच बसली. “बाय, माना रोज काम पायजे. तिकडं त्या बिसीत बोलावलंय,” ती म्हणाली. मी जा म्हटलं. त्या बिसीवाल्या विधवेकडे माणसं दुप्पट झाली होती आणि तिचे गुडघे गेलेले. आठवड्याने ती स्वतः आली. खालच्या रिकाम्या खोलीत बसून तिने इकडचं तिकडचं बोलून घेतलं, मग म्हणाली, ताई, तुमच्या हातची डाळ मागतात सगळे, मला तशी जमत नाही. तिला माझी बिसी नको होती. तिला माझे हात हवे होते. मी विचार करते म्हटलं, पण विचार करायला होतं काय?

आता मी रोज तिथे जाते. माणसं माझीच, डाळ माझीच, दार तिचं. मी आणि बाई शेजारी बसून लाटतो आणि भाजतो, फक्त चूल दुसऱ्याची आहे. कधी मीठ किती घालायचं हे ती मालकीण सांगते आणि मी तेवढंच घालते. पहिल्या दिवशी मला पिढ्यावर बसलेली बघून चाचाची मान खाली गेली होती. त्याला वाईट वाटलं हे मला कळलं, पण त्याला बरं वाटवण्याची ताकद माझ्यात नव्हती. खालची आमची खोली बंद आहे. भाड्याने द्यावी असं मी म्हणते, हे म्हणतात, बाहेरच्या माणसाला कशाला.

ह्यांचं जेवण मी डब्यात काढून ठेवून जाते. ते बरोबर एक वाजता जेवतात, ताट घासून पालथं घालतात. मी घरी आले की समोर येऊन बसतात. पूर्वी असे बसत नसत. इकडचं तिकडचं विचारतात, किती जण होते, भाजी कसली होती, लाइट कधी गेली. आणि शेवटी, दुसरीकडे बघत, जे विचारायचं असतं ते विचारतात. “माझ्याबद्दल काही म्हणतात का?”

म्हणतो. चाचा म्हणतो. रोज पानावर बसला की पहिला घास घ्यायच्या आधी माझ्याकडे बघून विचारतो, “फौजी भाई ने खाना खाया?” मी हो म्हणते, मग तो जेवायला सुरुवात करतो. एक दिवस चुकला नाही. हे कळलं तर ह्यांना काय वाटेल ते मला ठाऊक आहे. कदाचित उठून चाचाकडे जातीलही. मला घरी येताना रस्ताभर वाटत असतं की आज सांगावं, आणि मग दारात खालच्या खोलीचं कुलूप दिसतं.

“काही नाही म्हणत,” मी म्हणते, आणि पाय धुवायला मोरीत जाते.